मुळं पांढरी होण्याचे दिवस

बदलापूरला आमच्या सोसायटीच्या आवारात आंब्याचं एक जुनं झाड आहे. बिल्डरने ते तोडलं नाही, कारण त्याच्या नकाशात त्या कोपऱ्यात तसंही काही येत नव्हतं. त्या आंब्याच्या बेचक्यात मी आमरीचं एक रोप बांधून ठेवलं आहे. आमरी म्हणजे ऑर्किड, पण फुलवाल्याच्या बादलीतलं नव्हे. आपल्याकडच्या रानात झाडावर बसून वाढणारं. काल सकाळी फिरून येताना सवयीने मान वर केली, तर तिची मुळं पांढरीफट्ट झाली होती. पावसाळ्यात हीच मुळं पोपटी असतात, पानासारखी उजेड खातात. हवा कोरडी झाली की त्यांच्यावर खडूसारखा थर चढतो आणि हिरवं आत दडून बसतं. मुळं पांढरी झाली म्हणजे उन्हाळा खरा सुरू झाला, हे माझं कॅलेंडर. लोकांना हापूस दिसल्यावर कळतं, मला हे दिसल्यावर.

सोसायटीचे सेक्रेटरी खालून जात होते. म्हणाले, "मॅडम, ते बांडगूळ काढून टाकायला माणूस बोलावू का? झाड खाईल ते."

मी रिटायर झालेली शिक्षिका आहे, त्यामुळे पहिला राग गिळायची सवय आहे. म्हटलं, "ते बांडगूळ नाही. ते झाडाचं काहीही खात नाही. आणि माणूस बोलावलात, तर झाडाखाली आधी मी उभी असेन." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

मी गंमत करत नव्हते. या एका शब्दावरून मी एक अख्खा उन्हाळा काढलेला आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहत होतो. समोर कठडा असलेली लांब गॅलरी, दोन खोल्या, आत मोरी, सकाळी नऊला येणारं आणि दहाला जाणारं पाणी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते आणि वर्षानुवर्षं तिसऱ्या पाळीला जात. वाऱ्याने दिशा बदलली की त्यांच्या शर्टाचा वास सगळ्या गावाला यायचा. मी उल्हासनगरला कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होते. आमच्या घराण्यात तोवर सायन्सच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. दादांच्या कंपनीत तिसरी पाळी बंद होणार अशी बोलवा होती, आणि घरात अगदी साधं ठरलं होतं: बेबीचं, म्हणजे माझं, हे शेवटचं वर्ष. जूनमध्ये प्रबंध दिला तर एमएस्सी, नाही दिला तर जे मिळेल ते काम.

माझा विषय असा होता. झाडांच्या पानांना खालच्या बाजूला बारीक तोंडं असतात. साधी झाडं ती दिवसा उघडतात, हवा आत घेतात आणि उन्हात आपलं अन्न शिजवतात. तोंड उघडं असलं की आतलं पाणीही उडून जातं. पण ज्याची मुळं जमिनीत खोल आहेत, त्याला त्याची फिकीर नसते. आमरीला जमीनच नाही. फांदीच्या सालीला धरून ती बसते, येईल त्या पावसावर आणि दवावर जगते. तिचं हातावर पोट. पावसाळ्यात ती चार झाडांसारखीच वागते, दिवसाढवळ्या तोंडं उघडून मजेत जगते. पण उन्हाळ्यात तिला तसं करून भागत नाही. मग ती वेळच बदलते. दिवसा सगळं बंद. रात्री गारवा आला की तोंडं उघडते, हवा आत घेते आणि तिचं आम्ल करून पानात साठवते. उजाडलं की दारं लावून घेते आणि त्या साठ्यावर दिवसभर काम करते. म्हणून तिचं पान पहाटे चावलं तर आंबट लागतं आणि संध्याकाळी मचूळ.

हे मी एकदा दादांना समजावून सांगत होते. ते पाळीवरून येऊन पायरीवर बूट काढत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे थर्ड शिफ्टला कच्चा माल आत घ्यायचा, गेट बंद करायचं, आणि फर्स्ट शिफ्टला प्रोडक्शन काढायचं. एवढ्यासाठी इतकी जाडी इंग्रजी पुस्तकं?"

त्यांच्यापेक्षा सोपं मला पुढे तीस वर्षं वर्गातही सांगता आलं नाही.

मला पाहायचं होतं ते एवढंच, की आपल्याकडची ही एक आमरी पाणी असताना आणि पाणी तुटल्यावर खरंच अशी वागणूक बदलते का. विषय ठरला त्या दिवशी वर्गातला एक जण हसत म्हणाला होता, "बांडगुळावर प्रोजेक्ट? बरोबर आहे. काही लोकांना दुसऱ्याच्या फांदीवर बसायचं चांगलं जमतं." प्रवेशाच्या यादीत माझ्या नावापुढे कंसात काय होतं, ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. दोघं-तिघं हसले.  मी हातातली ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची काचेची नळी, धूत राहिले. पण त्याच दिवशी मनाशी गाठ मारली, की माझा एकही आकडा असा असणार नाही ज्याच्याकडे कुणाला बोट दाखवता येईल.

रोपं मिळाली ती बारवी धरणाच्या अलीकडच्या एका आदिवासी वाडीत. बदलापूरहून एसटी, मग डोंगराकडे तासभर चाल. तिथे बुधीबाई भेटल्या. वयाने आईएवढ्या, बोलायला कडक. भाताची रोपं ज्या तुकड्यात पेरायची तो आधी भाजून घ्यायची तिकडची रीत; त्याला राब म्हणतात. हिवाळ्यात ऐनाच्या झाडांचे टहाळे तोडून शेतात पसरायचे, वर शेण, पातेरा आणि माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. त्या टहाळ्यांवर आमरी बसलेल्या होत्या. फांदीबरोबर त्याही जळणार होत्या.

"ही बांडगुळं घेऊन जाऊ का?" मी विचारलं. हो, त्या दिवशी तो शब्द मीच वापरला. पुस्तकातली नावं पाठ होती, पण रानात तोंडी हेच आलं.

बुधीबाईंनी कोयता खाली ठेवला. "बांडगूल? ये हिकरं. ह्यो बग, ह्यो बांडगूल." एका तोडलेल्या फांदीवर सुकून काळा पडलेला झुपका होता. "फांदी मेली, त्यो बी मेला. झाराचा रस पेत व्हता ना. आनि ही बग." शेजारीच, त्याच मेलेल्या फांदीवर आमरी होती. पानं जराशी सुरकुतलेली, पण हिरवी. "फांदी तोरली थंडीत. ही अजून बसलेय. हिला कुनाचं काय नको. नुसती बसाया जागा पायजे."

मी ती फांदी उचलली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत उभी राहिले. पावसाळ्यापासून पाण्याचा थेंब नाही, खालची फांदी मेलेली, आणि ही आपली जिवंत. मेलेल्या बांडगुळाचा तुकडाही मी पिशवीत टाकला. का, ते तेव्हा नीट ठरवलं नव्हतं.

मार्चमध्ये मी दहा रोपं गॅलरीच्या बांबूला टांगली. घरात बजावून सांगितलं, "ह्यांना पाणी घालायचं नाही. अजिबात नाही." मग रोजचा क्रम. पहाटे उजाडायच्या आत उठायचं, पानातून छोट्या चकत्या कापायच्या, चहाच्या शेजारी स्टोव्हवर उकळून बाटलीत भरायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन आम्ल मोजायचं: ब्युरेटमधून अल्कलीचा एकेक थेंब सोडत राहायचं, पाणी गुलाबी झालं की थांबायचं; जितके थेंब जास्त, तितकं आम्ल जास्त. तो गुलाबी रंग अजून डोळ्यांसमोर येतो. इतका फिका, की पांढऱ्या कागदाशिवाय दिसायचा नाही. आईचा स्टोव्ह मी अडवून ठेवायचे, त्यावर तिची कुरकुर नव्हती. फक्त एकदा तिने पहाटेची एक चकती तोंडात टाकली आणि म्हणाली, "जरा आंबूस लागतंय गं. चटणी होईल का?"

जरासंच आंबूस, तेच तर दुखणं होतं. पहाट आणि संध्याकाळ यांत फारसा फरकच येत नव्हता. आठवडा गेला, दोन गेले, महिना होत आला. आकडे पावसाळ्यातल्या झाडासारखे. माझ्या मोजण्यात चूक असेल म्हणून मी द्रावण तीन वेळा नव्याने बनवलं, बाटल्या बदलल्या, चकत्या मोजून मोजून कापल्या. पुस्तकं खोटी की मी, एवढंच ठरायचं बाकी होतं. वर्गातला तो सद्‌गृहस्थ येता-जाता विचारायचा, "काय म्हणतंय बांडगूळ?"

आमच्याकडे शुक्रवारी वीज जायची. अशाच एका शुक्रवारी लॅबमध्ये अंधार आणि उकाडा. मी कंटाळून दुपारच्या आतच घरी आले. गॅलरीत पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. दहाच्या दहा रोपांची मुळं हिरवीगार होती.

आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तू ह्यांना पाणी घालतेस?"

"घालते."

"कधीपासून?"

"आणलीस तेव्हापासून. नळ आला की एकेकीला तांब्याभर. तू येईपर्यंत वाळतात बिचारी."

मी तोंडाला येईल ते बोलले. महिना गेला, माझं वर्ष गेलं, दहा वेळा बजावलं होतं. आणि शेवटी म्हणाले, "तुला शिकलेल्या माणसाचं काम कळतच नाही." हे वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. आजही मे महिन्यात कधी एकटी असले की ते मला ऐकू येतं, आणि मी उगाच भांडी वाजवायला लागते.

आई चिडली नाही. घडी घातलेली चादर तिने पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "मी आठ वर्षांची होते. गावातल्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. हंडा खाली ठेवायचा आणि कडेला बसायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बसायचो. लोक यायचे, आमच्यासमोर पाणी शेंदायचे, आमच्यासमोर प्यायचे, जायचे. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या दारात कुणी तहानलेलं राहणार नाही. आता तू दारात दहा जीव टांगलेस आणि म्हणतेस पाणी घालू नको. मला नाही जमलं."

विहिरीची गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. आमच्याकडे कुठल्या घरात ती नसते? पण आईच्या तोंडून, अशी, घड्या घालताना, मी ती पहिल्यांदा ऐकली. आमच्या दारातला तो माठ, पोस्टमनला, कचरेवाल्या बाईला, उल्हासनगरहून पापड विकायला येणाऱ्या म्हाताऱ्या सिंधी काकांना न मागता मिळणारा तो पेला, हे सगळं कुठून आलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिची माफी मागितली नाही. नुसती शेजारी बसले आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या.

वही माझ्याजवळ होती. खोटं सांगत नाही, मोह झाला. पहाटेच्या रकान्यातले आकडे थोडे वर सरकवायचे, बस्स. पुस्तकात जे असतं तेच निघालं असतं आणि कुणाला संशयही आला नसता. पण मग तो हसणारा मुलगा बरोबर ठरला असता. त्याला कळलं नसतं, तरी ठरला असता.

शनिवारी मी मार्गदर्शक मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. लालवानी मॅडम. जाड चष्मा, पांढरी साडी, निम्मं मराठी निम्मं हिंदी. सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटलं आता ओरडणार, तर त्या वहीच पुढे ओढून वाचायला लागल्या.

"अरे बेटा, ये तो मस्त डेटा है! पाणी मिळतंय तोपर्यंत ती दिवसाच काम करते, हे तुझ्या आईने प्रूव्ह केलं ना. ही झाली एक बाजू. आता कोरडी बाजू आण. नवीन रोपं, बिना पानी."

"मॅडम, पाऊस येईल."

"तो येणारच. तू त्याच्या आधी ये. और सुन, तुझ्या आईचा तो तांब्या, त्यात पाणी किती मावतं ते मोजून लिही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी वाडीवर. लांबूनच धूर दिसला. राब पेटले होते. एकामागून एक तुकडे काळे झालेले, हवेत राख, जळालेल्या शेणाचा आणि पाल्याचा वास. मी अक्षरशः धावत सुटले. बुधीबाई शेवटच्या तुकड्याशी पेटती काडी घेऊन उभ्या होत्या.

"बाई, थांबा! मला आमरी हव्यात!"

"आधी नेल्यास त्या मेल्या?"

"नाही. माझ्या आईने त्यांना पाणी घातलं."

त्या पोट धरून हसल्या. मग काडी विझवली, पदर खोचला आणि माझ्याबरोबर टहाळ्यांत शिरल्या. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही फांद्या उलथ्यापालथ्या करत होतो. काटे लागले, हात काळे झाले. आठ रोपं मिळाली. सुरकुतलेली, मुळं पांढरीठक्क. "आता आयसला सांग," बुधीबाई म्हणाल्या, "हिला पानी नको हाय, हिला आपल्या वक्ताची वाट बघाया येते."

गॅलरीत आता दोन रांगा झाल्या. एका बांबूला आईची दहा, दुसऱ्याला माझी आठ. मी कॉलेजातून मोजपात्र आणलं. आईने त्यात तांब्या ओतला, परीक्षेला बसल्यासारखी ताठ उभी राहून. पाऊण लिटरला किंचित कमी भरला. "लिही," ती म्हणाली. तिच्या दहांना रोज एकेक तांब्या पाणी, माझ्या आठांना काही नाही. तिने मान डोलावली.

कोरड्या रांगेचं पहिलं पहाटेचं पान मी चावलं आणि चिंचेचं बोटूक चावल्यासारखे दात आंबले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बाटलीतलं पाणी गुलाबी व्हायचं नावच घेईना. थेंब पडत होते, पडत होते, आणि मी तोंडावर हात घेऊन रडत होते, कारण लॅबमध्ये हसू कसं येतं ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या रांगेतली, आईची, तशीच मचूळ. एकाच जातीचं रोप, एकाच गॅलरीत, एकाच उन्हात, आणि फक्त एका तांब्याने त्याचा दिवस इकडचा तिकडे होत होता.

तिसऱ्या आठवड्यात कोरड्यांचे आकडे पुन्हा खाली यायला लागले. मी घाबरून आईकडे पाहिलं. पण मुळं पांढरीच होती. मॅडम म्हणाल्या, "आता तिने रात्रीचंही दार बंद केलं. खूप कोरडं झालं ना, मग ती बाहेरून काहीच घेत नाही. स्वतःचाच सोडलेला श्वास आत फिरवून वापरते. वाढत नाही, लेकिन मरती भी नहीं." मी ते वहीत लिहून घेतलं. पुढे आयुष्यात दोन-चार वर्षं अशी आली, की हे वाक्य फार उपयोगी पडलं. दादांची पाळी खरंच बंद झाली, ते त्यांतलं पहिलं.

त्याच आठवड्यात मी ती मेलेली फांदी लॅबच्या टेबलावर ठेवली. एका टोकाला काळं पडलेलं बांडगूळ, दुसऱ्या टोकाला बांधलेली जिवंत आमरी. तो मुलगा आला तेव्हा शांतपणे सांगितलं, "हे बांडगूळ. फांदी तुटली आणि हे गेलं. ही आमरी. फांदी तुटून चार-पाच महिने झालेत. नीट बघून ठेव, पुन्हा चुकायला नको." त्याने बघितलं. पुढे त्याने तो प्रश्न विचारला नाही.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा माझा शेवटचा आकडा झाला होता. उल्हासनगरच्या एका टायपिस्टकडे बसून प्रबंध टाइप करून घेतला. त्यात, कामाची पद्धत या प्रकरणात, रोपांना रोज पाणी देण्याचं काम कोणी केलं तिथे आईचं पूर्ण नाव आहे. इंग्रजीत आहे. तिला वाचता येत नव्हतं. कुठे आहे ते बोटाने दाखवलं, तर ती कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं, "रोपं तुमच्या घरी होती. आईंना पाणी घालायची सवय. कोरड्या रोपांना त्यांनी पाणी दिलं नाही कशावरून?"

मी मुळांचा रंग सांगितला, आकडे दाखवले. सर समाधानाने मान हलवत होते. मला मात्र घरी येईपर्यंत चैन पडेना. आई आत स्वयंपाक करत होती, म्हणून दादांनाच विचारलं, "दादा, आईने खरंच त्या आठांना पाणी नाही ना दिलं?"

दादा कठड्याला टेकून बसले होते. "द्यायचं सोड. तीन आठवडे तुझी आई गॅलरीत पाणी प्यायली नाही. तहान लागली की उठून आत जायची, मोरीत, पाठ करून प्यायची. मी विचारलं तर म्हणते, 'त्यांच्यासमोर कसं पिऊ?'"

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल सेक्रेटरी गेल्यावर मी आंब्याखाली थोडा वेळ थांबले. ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. हातातल्या बाटलीचं झाकण मी उघडलं, वर पांढऱ्या मुळांकडे पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. घरी गेले, दार लोटलं, आणि मग पाणी प्यायले.